जित्या मामाची तसबीर

३ फेब्रुवारी, गंगाखेड

वही आणून महिना होत आला. पहिल्या पानावर नाव टाकलं, गाव टाकलं, खाली एक बकरी काढली आणि ठेवून दिली. ट्रस्टवाल्यांनी निवड झाली त्याच दिवशी सांगितलेलं, प्रवासाला जाणाऱ्यानं रोजनिशी आजपासून ठेवायची, तिकडं गेल्यावर नव्हे. कॉलेजचे सर फोनवर विचारतात, "लिहायलास का रे?" हो सर. रोज तेच हो सर. काल खरंच उघडली, तर बकरीला दाढी काढत बसलो. ती आता आमच्या बारावीच्या गणिताच्या मास्तरांसारखी दिसते. बारावी राहिलीच माझी. असो.

तर. मला पोर्तुगालला जायचंय. तीन महिने. फरशीवर चित्र काढून ती भट्टीत भाजायची, असं तिकडं शिकवतात. अख्ख्या भिंती निळ्या असतात म्हणे, रेल्वे स्टेशनच्यासुद्धा. तिकीट ट्रस्टचं, राहणं-खाणं ट्रस्टचं. सगळ्या आर्ट कॉलेजांतून एकच जण घेतात. तो मी. अजून अंगाला लागत नाही हे.

दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, ब्लाउजची बाही जोडता जोडता मान वर न करता विचारलं, "फरशीसाठी इतक्या लांब? शहाबादी तर इथंच ट्रकनं येती."

५ फेब्रुवारी

पासपोर्ट आहे. मागं कधीतरी काढून ठेवला, कुठंतरी जायचं म्हणून. कुठं ते ठरलं नव्हतं. अडलंय जामिनापाशी. पोरगा परत येईल, राहिलेला कोर्स पुरा करील, असं स्टँपपेपरवर लिहून द्यायला एक जामीनदार पाहिजे. नातेवाईक किंवा ओळखीतला, पण आयकर भरणारा. दादा लेडीज टेलर. आयकर म्हणल्यावर त्यांनी टेपच गळ्यातून काढला. सगळ्या नात्यात एकच माणूस निघाला. वालूरचा मामा. शिवलिंगअप्पा. सेलूच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आडत दुकान.

आईनं फोन लावला. स्पीकरवर. मामा: "सही काय, अंगठाबी देतो की. पण हे येईल का वापस? हे परभणीहून निघालं तर गंगाखेडला सरळ येत न्हाई."

खरं आहे.

रविवारी मामाच्या पोरीला, सुषीला, कुंकू लावायचंय, म्हणजे सोयरीक पक्की करायची. लातूरकडचे पाहुणे येणार. मामा म्हणाला, कागद घेऊन त्याच दिवशी ये. "पाहुण्यांसमोर सही करतो. भाचा फॉरेनला जायलाय, कळू दे त्यांनाबी कोणाच्या घरी सोयरीक करायलेत."

फेब्रुवारीअखेर कागद पोचला पाहिजे. भरपूर वेळ आहे.

७ फेब्रुवारी

आई: "मामा तुझ्यासाठी सही देयलाय. रिकाम्या हातानं जाऊ नको. त्याचं ते चित्र काढलंस न्हाई का, ते दे फ्रेम करून."

ते चित्र मी पाडव्याला काढलेलं, वालूरला, मामाच्या ओसरीत. कोळशानं. मामा सकाळी दुकानाची पूजा करून आला आणि खांबाला टेकून बसला, तसाच. कपाळावर भस्माचे पट्टे, एक डोळा जरा बारीक, भाव सांगताना करतो तसा. निवडीच्या वेळी मुंबईत त्याच चित्रापाशी सगळे थांबले होते. द्यायला जीवावर आलं. पण द्यायचं ठरवलं.

मन्मथच्या दुकानात नेऊन दिलं. मन्मथ शाळेपासूनचा दोस्त, आता काचफ्रेमचं दुकान. तो गिऱ्हाईकाच्या देव्हाऱ्याची काच कापत होता. म्हणलं, वालूरचा मामा हा, शिवलिंगअप्पा, चांगली फ्रेम टाक, रविवारी सकाळी पाहिजे. त्यानं चित्र बघितलं, माझ्याकडं बघितलं, हातातला काच कापायचा हिरा खाली ठेवला. काहीतरी विचारणार होता. तेवढ्यात रस्त्यानं उसाची रिकामी ट्रॉली गेली, मागच्या फळीवर असला मोर काढलेला, असला मोर! पिसाऱ्यात ट्रॅक्टरचा नंबर बसवलेला. पळत गेलो. ड्रायव्हर म्हणला पालमला एक म्हातारा रंगवतो. पालमची गाडी स्टँडवर लागलेलीच होती.

म्हातारा घरी नव्हता. वाट बघितली. पालमलाच एका दोस्ताकडं मुक्काम.

८ फेब्रुवारी

म्हातारा आज भेटला. मोराचं विचारलं तर म्हणे तो मोर नाही, ट्रॉलीच्या मालकाच्या लेकाच्या टी-शर्टावर होता तसा कोंबडा. हसलो लय.

परत आलो. मन्मथ दुकानात नाही, भाऊ होता. फ्रेम खाकी कागदात, वर सुतळी. चांगलीच फुगीर. भावानं पैसे घेतले नाहीत. माझा हात धरून म्हणला, "आईला जप रे आता." म्हणलं जपतो. मी एवढ्या लांब जायलोय म्हणून म्हणत असेल. बरं वाटलं.

१० फेब्रुवारी, सेलू स्टेशन

काल जे झालं ते.

गाडीला उशीर आहे. आई बाकड्याच्या त्या टोकाला बसलीय, पदर तोंडावर घेऊन.

मामाच्या ओसरीत सतरंज्या टाकलेल्या. लातूरचे पाहुणे, नवरदेवाचे आईवडील, आजी, चुलते. सुषीला कुंकू लावून झालं, ओटी भरून झाली, पेढे फिरले. मामा फेटा बांधून मधोमध. मला बोलावलं. "हा आमचा वैजू. ह्यानं हात लावला की कागदावर माणूस उठून बसतोय. आता हे फॉरेनला जायलंय." पाहुणे माना हलवायले. माझ्या पिशवीत स्टँपपेपर. आईनं डोळ्यानं खुणावलं, आधी चित्र.

मामानं अडकित्त्यानं सुतळी कापली. चष्मा कपाळावर, डोळ्यावर नाही. कागद काढला, आणि आपण बघायच्या आधी फ्रेम पाहुण्यांकडं फिरवली.

"बगा. जसाच्या तसा हाय का न्हाई?"

चंदनाच्या सालीचा हार. खाली लाल बल्ब, वायरीसकट. वर सोनेरी अक्षरात, लिंगैक्य शिवलिंगअप्पा, वालूर. लिंगैक्य म्हणजे आमच्यातलं कैलासवासी. खाली पाडव्याची तारीख.

नवरदेवाच्या आजीनं हात जोडले. तिची काही चूक नाही, हाराचा फोटो दिसला की आपले हात जातातच. हात जोडून तिनं वर बघितलं तर फोटोतला माणूस फोटो धरून बसलेला. तिनं तसंच जोडलेल्या हातानं "अगं माय माय माय" केलं.

मामीनं आतून बघितलं आणि किंचाळली.

मग मामानं चष्मा खाली घेतला, फ्रेम आपल्याकडं वळवली. लय वेळ वाचत होता. मग माझ्याकडं बघून हळूच विचारलं, "पाडव्याला मेलो व्हय मी?"

ती तारीख माझी आहे. चित्र काढलं की खाली सही आणि तारीख टाकायची, हे सरांनी पहिल्या वर्षी शिकवलं.

पाहुणे जेवले नाहीत. गडबडीनं जीपमध्ये बसले. चुलते म्हणाले, कळवतो. नवरदेवाच्या वडलांनी मामाच्या पायाकडं बघून नमस्कार केला, तोंडाकडं बघेनात.

स्टँपपेपर पिशवीतच. बाहेर काढायची छाती कोणाची होती.

१२ फेब्रुवारी

कोणीतरी फोटो काढला. पाहुण्यांतलं पोरगं असेल नाहीतर शेजारचं. परवा संध्याकाळपासून ग्रुपवर फिरतोय. भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली, एका खाली एक. "मोंढ्यातला दिलदार माणूस गेला." एकानं तर मामाबरोबरच्या जुन्या आठवणी लिहिल्या, त्यातल्या निम्म्या दुसऱ्याच कोणाच्या तरी असाव्यात.

मामी फोनवर आईला सांगत होती. पालमच्या चुलत मावश्या जीप करून आल्या. वेशीपासूनच रडायला सुरुवात. मामा ओट्यावर दाढीला बसलेला, तोंडाला सगळा साबण. तो पांढरा चेहरा बघून त्या आणखीच गळा काढून... मामानं फेसातून सांगितलं, "जित्ता हाय मी, चहा घ्या." एक जण घेरी येऊन पडली.

आई ऐकता ऐकता हसली. हसता हसता रडायला लागली. म्हणली, "माझ्या भावाला माझ्याच लेकरानं."

मोंढ्यातपण कळलं. आडत्या गेला की शेजारचे दुकानदार शटर अर्धं खाली ओढतात, तसा रिवाज आहे. मामा काल दुकानावर गेला तर ह्याच्याच दुकानाचं शटर अर्ध्यावर, समोरच्यांचीपण. हमाल डोक्याची पटकी काढून उभे. मामा वाकून आत गेला म्हणे. स्वतःच्या शटरखालून.

मला हे चित्र डोळ्यासमोरून हलत नाही. काढावंसं वाटतं. लाज पण वाटते.

१३ फेब्रुवारी

मन्मथला धरला. दुकानात गिऱ्हाईक होतं तरी.

म्हणलं, डोकं फिरलं का तुझं? मामा जित्ता आहे!

त्याचं तोंडच उतरलं. खाली बसला. मग हळूहळू त्याला राग आला. "तर मग सांगायचं न्हाईस? मी विचारायलोच होतो, तू मोरामागं पळालास!"

"तू कसं ठरवलंस मेला म्हणून?"

"काळं-पांढरं चित्र. एकटा माणूस. अंगावर भस्म. गंगाखेडात जित्या माणसाची असली तसबीर कोण करतंय? जित्याचा फोटो रंगीत असतोय. बायको असती संगट, न्हाईतर मागं बालाजीचं देऊळ. आन् खाली तारीख!"

"ती चित्राची तारीख आहे."

"चित्राला कसली आलीय तारीख? तारीख माणसाला असती."

त्याच्या भिंतीवरच्या हारवाल्या तसबिरी बघितल्या. सगळ्यांखाली तारीख.

मग म्हणला, "मी दुपारचं दुकान बंद ठेवलं रे तुझ्या मामासाठी. हार माझ्याकडून लावला. बल्ब पण." डोळ्यात पाणी. त्याला मारायला गेलो होतो, त्यालाच चहा पाजून आलो.

१६ फेब्रुवारी, वालूर

दादा आणि मी सकाळी आलो. दादांनी येताना मामासाठी सदरा शिवून आणला. मामानं घडी उघडली नाही.

दादा समजूत घालायले. "अप्पा, मेल्याची खोटी खबर उठली की माणसाचं आयुष्य वाढतंय. म्हातारी माणसं सांगायची."

मामा: "मग तुमचं बी वाढवू की. लावा तुमच्या फोटोला हार. सांगा मन्मथला."

शेजारचा पाटील ओट्यावरून जाता जाता, "अप्पा, तेराव्याला बुंदी का शिरा?" मामा हसला नाही. आधी असल्या गोष्टीवर ह्याच्याएवढं हसणारा माणूस गावात नव्हता.

तसबिरीचं काय करायचं हा घोर आहे. फाडायची म्हणलं तर मामी हात धरते, जित्या माणसाचं तोंड कसं फाडायचं? भिंतीवर तर लावता येत नाही. नदीला सोडा म्हणलं कोणी, तर मामा म्हणला, म्हंजे राख सावडल्यावानी? आमच्यात तर पुरतेत, राखच नसती. नुसतं हार काढून चालेल का, अक्षर खरवडून चालेल का? स्वामींना बोलावलं. म्हातारे जंगम स्वामी, ह्या घरातलं बारशापासून समाधीपर्यंत सगळं त्यांनीच केलेलं. फ्रेमसमोर बसले, हार बोटानं चाचपला. शेवटी म्हणाले, "मेलेल्याचं मला ठावं हाय. जित्याचं ठावं हाय. हे मधलंच कायतरी करून ठेवलं पोरानं."

दक्षिणा न घेता गेले.

आता ती ज्वारीच्या पोत्यांमागं आहे, तोंड भिंतीकडं करून.

निघताना धीर करून स्टँपपेपर काढला. मामानं नीट वाचला. माझं नाव, पोर्तुगाल, सगळं. मग पेन माझ्या खिशाला परत लावला.

"वैजू, तुझ्यावर राग न्हाई. पण लातूरचं घर गप्प हाय. पोरीच्या कुंकवादिवशी बापाला हार घातला. आता मी कुठंबी सही केली तर हात कापतोय. सुषीचं जमू दे. मग बगू."

"मामा, अखेरपर्यंतच मुदत आहे."

"मुदत मला विचारून ठेवली का त्यांनी?"

१९ फेब्रुवारी

काही करायला नाही. म्हणजे करायला सगळंच आहे पण कशालाच हात लागत नाही. ट्रस्टच्या मॅडमचा मेल, जामीनपत्राची वाट पाहत आहोत. उत्तर दिलं नाही. काय लिहू? जामीनदार हयात आहेत पण?

गोदावरीच्या घाटावर जाऊन बसलो. एक बाई गोधडी आपटत होती, तिची पाठ काढली. मग गोधडी काढली. मग नुसतं पाणी. संध्याकाळ झाली. घरी आलो तर आईनं विचारलं, "काय केलंस दिवसभर?" वही दाखवली. तिनं वही बघितली, आणि तशीच चुलीवरच्या फळीवर ठेवून दिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

निलोफरचा मेसेज. ही पाथरीची. मुंबईला मुलाखतीला आम्ही एकाच बाकावर बसलेलो, तिनं मला तिच्या डब्यातला शिरखुर्मा दिला होता. यादीत दुसरं नाव तिचं. मी गेलो नाही तर ती. तिच्या अब्बांची लाकडाची वखार आहे, ती लाकडाच्या गाठींची चित्रं काढते. कापलेल्या ओंडक्यात आतून जे दिसतं ते. चांगली काढते. माझ्यापेक्षा चांगली काढते का, हे मी मुंबईपासून मनात टाळत आलोय.

"तुझं झालं का? खरं सांग फक्त. मी घरी अजून कोणालाच बोलले नाही. अब्बांना सांगायचं तर मला आधीपासून तयारी लागेल. उगं सांगून मग जायचंच नसेल तर घरात तमाशा नको."

वाचलं. उत्तर दिलं नाही.

२१ फेब्रुवारी

मामीला फोन केला, गुपचूप. म्हणलं, मामी, मी येतो, हार काढतो, अक्षरं पुसतो, काच बदलतो, चित्र नुसतं चित्र राहील.

मामी म्हणली, "हात लावू देत न्हाईत रे. पण सांगू का? रोज सकाळी दुकानाला जायच्या आधी पोती सरकवतेत. फ्रेम फिरवतेत, बगत बसतेत, पुन्हा भिंतीकडं करून ठेवतेत. काल मला मनले, तोंड मातर बरोबर काढलंय. असाच दिसत असीन मी, कोणी नसताना."

हे कौतुक आहे का काय आहे, कळत नाही.

२३ फेब्रुवारी

दुसरा जामीनदार शोधायचा म्हणून दादा निघाले. मीपण मागं मागं. ज्यांच्या घरच्या बायकांचे कपडे वर्षानुवर्षं शिवले ते कापड दुकानवाले शेठ. शेठ म्हणाले, "टेलर, पोरगं तुमचं चांगलं हाय. पण सगळं गाव म्हणतंय ह्यानं ज्याचं चित्र काढलं..." मग हसत हसत म्हणाले, "माझं चित्र न्हाई ना काढलं कधी?"

काढलंय. बसस्टँडवर, पेपर वाचताना.

कॉलेजच्या सरांना विचारलं. ते आधीच एका मुलाला जामीन आहेत, एका माणसाला एकच चालतो. फोनवर त्यांचा आवाज असा झाला, जसा वर्गात कोणाचं चांगलं चालू असलेलं काम पाण्याचा डबा सांडून बिघडलं की होतो. "वैजनाथ, तू दोन शब्द बोलला असतास त्या फ्रेमवाल्याशी. दोन शब्द."

दादा वाटेत रसवंतीवर थांबले. दोन ग्लास सांगितले, आपला घेतलाच नाही. मला म्हणाले, "मी तुला कधी विचारलं न्हाई तू कुठं कुठं हिंडतोस. वाटायचं, हिंडून हिंडून कुठंतरी पोचशील." ग्लास माझ्याकडं सरकवला. प्यालो मी. दोन्ही. आता लिहिताना कसंतरीच वाटतंय, की मी दोन्ही कसा काय प्यालो.

२५ फेब्रुवारी

लातूरचा निरोप. नाही म्हणले नाहीत. हो पण म्हणले नाहीत. शिवरात्र झाली की बसून बोलू म्हणे. मामा त्यालाच धरून बसलाय. आईनं फोनवर एकदा जोरात विचारलं, "अप्पा, सही करायला हात कापतोय तर जेवायला कसा कापत न्हाई तुझा?" मामानं फोन ठेवला. मग आईच दिवसभर बेजार, भावाला बोलले म्हणून. संध्याकाळी पुन्हा लावला, मामीनं उचलला, झोपलेत म्हणली. एवढ्या उजेडी मामा कधी झोपत नाही.

सुषीनं मला मेसेज केला. "मला काही वाईट नाही वाटलं. तो मुलगा मला तसा पण..." पुढं टिंब टिंब. विचारलं, तसा पण काय? म्हणे काही नाही. "तू जा पोर्तुगालला. घरातलं कोणीतरी कुठंतरी गेलं पाहिजे."

काय करू?

२६ फेब्रुवारी

निलोफरला लिहिलं. सगळं. फ्रेम, हार, बल्ब, मामा, पोती. फार मोठा मेसेज झाला, वाचून बघितला नाही. शेवटी लिहिलं, परवा मुदत संपते, माझं होत नाही, तू अब्बांना सांग. पाठवताना बोट आपोआप गेलं.

पाठवल्यावर मग आठवलं की तिचा तर पासपोर्टही नसेल... का असेल? विचारलंच नव्हतं कधी. माझ्या उशिरानं तिचंपण जाणार बहुतेक. मी आठवडाभर उत्तर न देता घाटावर गोधडी काढत बसलो, तेवढ्यात तिचे अब्बा वळले असते का नसते कोण जाणे.

निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

२७ फेब्रुवारी

सकाळी मामाला स्वतः फोन केला. उचलला. म्हणलं, मामा, उद्या संध्याकाळपर्यंतच. मागं कोंबड्याचा आवाज. मग म्हणाला, "वैजू, तू गेलास आन् मला काय झालं तर? लोक म्हणतील आधीच लिहून गेलता." हा विचार त्याच्या मनात आहे हे मला माहीतच नव्हतं. तो घाबरलाय. नुसता रागावला असता तर मी पाय धरले असते. घाबरलेल्या माणसाला काय म्हणायचं असतं? "तसं काही होत नाही मामा," एवढंच म्हणलो. तो म्हणाला, "तुला काय माहीत," आणि ते बरोबरच आहे.

निलोफरचं अजून काही नाही. फोन लावला, बंद.

मॅडमला मेल लिहायला घेतला. आदरणीय मॅडम, जामीनदार मिळू न शकल्याने मी... एवढं लिहून थांबलो. पाठवला की संपलं. नाही पाठवला तरी उद्या संपणारच आहे. तरी बोट जात नाही. खिडकीतून ऊस चालला आहे. फळीवर ह्या वेळी काहीच काढलेलं नाही, नुसता लाल रंग.

बाहेर गाडी थांबली. आई दारातून आत आली, आवाज खाली करून.

"वैजू, पाथरीहून कोणीतरी आलेत. वखारवाले मनायलेत. संगट पोरगी हाय, तिनं तुझं नाव घेतलं."

दादा मशीनपासून उठलेत, खुर्चीवरचे ब्लाउज गोळा करायलेत, एक खाली पडला तो पायानं मशीनखाली सारला. पडद्याच्या फटीतून दिसायलंय. निलोफर उंबऱ्याच्या बाहेरच उभी, माझ्याकडं बघत नाही. तिच्या पुढं तिचे अब्बा, उंच, पांढरी दाढी, बाह्यांवर लाकडाचा भुसा तसाच. म्हणजे वखारीतून तसेच उठून आलेत. तिनं सांगितलं तर. काय सांगितलं? ते चपला काढायलेत, सावकाश, एक एक. तोंडावरून राग आहे का काय आहे काही कळत नाही.

दादा म्हणाले, या, बसा.

ते बसले नाहीत. म्हणाले, "वो मामा की तस्वीर बनानेवाला लडका कौनसा?"